बंद पडलेलं कार्ड आणि बेपत्ता काका

पोलीस खात्यात उभी हयात गेली. पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. पण अंगावर वर्दी नसताना, परक्या मुलखात, ज्या तपासात मी सापडलो तो अजूनही जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

साल २००५ असावं. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. अर्जित रजा काढून मी मुलीकडे, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला गेलो होतो. ऑक्टोबर होता, थंडी सुरू झाली होती. एके सकाळी चहा घेत असताना शेजारच्या इमारतीतला एक तरुण आपल्या आईला घेऊन आला. दोघांचेही डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल होते.

“काका, बाबा काल दुपारपासून घरी आलेले नाहीत,” तो म्हणाला. “पोलिसांत कंप्लेंट केलीय. त्यांनी हॉस्पिटल्स चेक केली. पण तुम्ही पोलिसांत आहात, म्हणून...”

बेपत्ता झालेले काका सांगलीचे, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. वय सत्तरच्या आसपास. मधुमेह होता आणि इन्सुलिनची बाटली घरच्या फ्रीजमध्येच होती.

माझा तिथे काडीचा अधिकार नव्हता. पण विचारपूस करायला अधिकार लागत नाही. बेपत्ता व्यक्तीच्या तपासात घरच्यांना वेगवेगळं बसवून बोलायचं, हा आमचा शिरस्ता. एकत्र बसले की माणसं एकमेकांना सांभाळून घेतात. मी मुलाला बाल्कनीत नेलं.

“घरी काही बोलाचाली?”

“नथिंग काका. सगळं नॉर्मल होतं.”

तो माझ्याकडे न बघता खालच्या पार्किंगकडे बघत होता. चौकशीत गप्प बसण्यानं जे निघतं ते दरडावण्यानं निघत नाही.

“परवा डिनरला माझे फ्रेंड्स आले होते,” तो अखेर म्हणाला. “बाबा म्हणाले, मी एकटा बसनं जाऊन नदी बघून येतो. मी सगळ्यांसमोर बोललो, बाबा प्लीज, तुम्हाला इथलं काही कळत नाही, कुठेतरी हरवाल, मग मला ऑफिस सोडून शोधायला लागेल. सगळे हसले, यार. बाबापण हसले. नंतर जेवले नाहीत.”

“हे इथल्या पोलिसांना सांगितलंस?”

त्यानं नकारार्थी मान हलवली. लाज वाटली होती त्याला.

उभ्या तालुक्याची शेतं, डोंगर, ओढे ज्यानं साखळी टाकून मोजले, त्याला मुलानं चारचौघांत ‘हरवाल’ म्हटलं होतं. माणूस कुठे गेला असेल याचा मला अंदाज येऊ लागला.

आत त्याच्या आई, म्हणजे काकू, सोफ्याच्या कडेवर बसल्या होत्या. “त्यांच्याकडे पैसे किती होते?” मी विचारलं.

“सुटे असतील थोडे. पण कार्ड आहे ना. निघायच्या आधी बँकेतून मुद्दाम काढलं. म्हणाले, तिकडे मुलापुढे हात पसरायला नको. आजवर वापरलं नव्हतं.”

“बँकेत घरचा फोन नंबर दिलाय?”

“सांगलीचाच. पण घराला तर कुलूप आहे.”

तिथेच धागा लागला. आर्थिक गुन्ह्यांच्या तपासामुळे मला ठाऊक होतं, की कार्ड अचानक परदेशात चाललं की बँकेला चोरीचा वास येतो. बँक घरी फोन करते आणि कुणी उचलला नाही तर कार्ड बंद करते. म्हातारा माणूस अनोळखी गावात, खिशात बंद पडलेलं कार्ड, आणि जवळ औषध नाही.

आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ होत आली होती. सांगलीच्या शाखेत फोन लावला. व्यवस्थापक अजून जागेवर होते. मी ओळख सांगितली.

“साहेब, माफ करा, फोनवर कुणीही पोलीस होतो,” ते म्हणाले. “तुमच्या ठाण्यात विचारून घेतो.”

त्यांचं बरोबर होतं. तरी फोन परत वाजेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला. काकू माझ्या चेहऱ्याकडे आणि मुलगा फोनकडे बघत होता. अखेर फोन आला. माझ्या ठाणे अंमलदारानं ‘साहेब रजेवर, अमेरिकेत आहेत’ असं सांगितलं होतं. तोवर व्यवस्थापकांनी मुंबईच्या कार्ड विभागाकडूनही माहिती काढली होती.

“काल दुपारी बसचं एक तिकीट निघालंय. मग आमच्या लोकांनी घरी फोन केले, उत्तर नाही. कार्ड ब्लॉक केलं. संध्याकाळी बसस्थानकावर परत प्रयत्न झालाय, तो नाकारला. नंतर एका मोटेलमध्ये. तिथल्या माणसाला कार्ड ठेवून घ्यायची सूचना गेली. चोराच्या हातून कार्ड काढून घेतलंय साहेब, काळजी नसावी.”

“चोर नाही हो ते,” मी म्हणालो. “तुमचे खातेदारच आहेत. गाव सांगा.”

पेनसिल्व्हेनियात, डेलावेअर नदीकाठचं एक लहान गाव. जायचं तिकीट निघालं आणि यायचं अडलं.

मुलानं हे स्थानिक पोलिसांना कळवलं. त्यांनी पलीकडच्या गावच्या पोलिसांना गाठलं. मग वाट बघणं. तपासातला सगळ्यात वाईट भाग हाच. ठाण्यात असतो तर निदान चार माणसं पिटाळली असती. इथे मी मुलीच्या दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होतो आणि काकू तोंडातल्या तोंडात रामरक्षा म्हणत होत्या. मुलगा एकदाच म्हणाला, “काका, त्यांना माझा नंबर पाठ आहे. मग फोन का नाही केला?”

फोन वाजला. बोलणारा तिकडचा पोलीस होता. काका कपडे धुण्याच्या सार्वजनिक दुकानात, ऊब धरून बसलेले सापडले होते. पण पोलिसाला बघताच त्यांनी दोन्ही हात वर केले. ‘मी चोर नाही’ एवढंच इंग्रजीत म्हणत होते आणि गाडीत बसायला तयार नव्हते. अंगाला कापरं भरलं होतं. मी फोन त्यांच्या कानाला लावायला सांगितलं.

“काका, नमस्कार. मी पुण्याचा पोलीस निरीक्षक बोलतोय.”

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, “पुण्यापर्यंत गेलं का हे?”

“काका, तुमच्यावर कसलाही गुन्हा नाही. कार्ड तुमचंच आहे. बँकेची गैरसमजूत झाली. तो पोलीस तुम्हाला दवाखान्यात न्यायला आलाय.”

“मोटेलवाल्यानं कार्ड काढून घेतलं हो. फोन लावायला लागला, तसा मी निघालो. वाटलं, आता बेड्या पडतात. मुलाला कळवलं असतं तर त्याची नोकरी, व्हिसा... आणि तो म्हणाला असता, सांगितलं नव्हतं का?”

मुलगा शेजारीच उभा होता. त्यानं माझ्या हातातून फोन घेतला. “बाबा,” एवढंच म्हणाला आणि फोन आईपुढे केला. काकूंनी फोन घेऊन सांगितलं, “आधी त्या माणसाबरोबर जा आणि सुई घ्या. बाकीचं घरी.”

साखर खूप वाढली होती, पण वेळेवर उपचार मिळाले. दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना घेऊन आला. येताना दोघं नदीवर थांबले होते, असं काकूंनी नंतर सांगितलं. काय बोलले ते मी विचारलं नाही.

परदेशी जाणाऱ्यांना मी तेव्हापासून सांगत आलो. कुठे आणि किती दिवस जाताय हे बँकेला आधी कळवा. उचलला जाईल असा फोन नंबर द्या. एकाच कार्डावर विसंबू नका. त्यानं बराच मनस्ताप वाचतो.

मला मिळालेला धडा मात्र निराळा होता. पोलिसाला टाळणारा तो गुन्हेगार, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. पण निरपराध माणूसही पळतो, लपतो, हात वर करतो. कधी कधी गुन्हेगारापेक्षा जास्त घाबरतो, कारण आपल्यावर नेमका आळ कशाचा आहे हेच त्याला ठाऊक नसतं. रजा संपवून रुजू झाल्यावर मी ठाण्यात एक रीत पाडली. कुणी थरथरत समोर आला की त्याला आधी बसायला खुर्ची द्यायची, आणि पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी त्याला इथे कशासाठी बोलावलं आहे ते सांगायचं.