उत्तर न आलेला अर्ज

कामतघरच्या आमच्या कुडाच्या घराच्या जागी दोन पक्क्या खोल्या बांधायच्या म्हणून वडिलांनी नगरपालिकेत नकाशासकट अर्ज दिला होता. पोच मिळाली, पुढे काही नाही. वडील समजले, नकार आला. आमच्यात सोयरिकीचा निरोप धाडल्यावर उलट निरोप आला नाही, तर तोच नकार. मुकाट दुसरं घर बघायचं. वडिलांनी पडघ्याच्या भट्टीवाल्याला अंगणातल्या विटा परत न्यायला सांगितलं. आई त्या दिवशी जेवली नाही.

घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि ते मी आजही ताठ मानेनं सांगते. कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन मी राज्याचा नगरपालिकांचा कायदा मागितला. वाचता वाचता एका कलमावर थांबले. पालिकेनं मुदतीत उत्तर दिलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरायचं! बांधकाम नियमात बसलं म्हणजे झालं. कुठं मुंबईतली विधानसभा, कुठं कापडाच्या लूमवर ड्युटी करणारा माझा बाप. पण अर्ज देऊन कुणीतरी ताटकळत बसेल, हे तिथं कुणाच्या तरी मनात आलं होतं. सरकारच्या गप्प बसण्यालाही त्यांनी मुदत घालून ठेवली होती.

घरी सांगितलं, तर वडील म्हणाले, "गप बसनारा हो म्हनतो? असा होकार मी जन्मात बगितला न्हाय."

"कायदा म्हणतो, बाबा."

"मंग कायद्याच्या पोरींची लग्नं कशी ठरतात गो?"

तरी आले माझ्याबरोबर नगरपालिकेत. मी पोच टेबलावर ठेवून कलम सांगितलं, तसा कारकून हसला, "या, वकीलबाई!" ओव्हरसियरनं मात्र नकाशा उलगडला, शेजाऱ्याच्या बाजूला सोडलेली जागा बोटानं तपासली, पोचेवरची तारीख पाहिली.

"मुदत संपलीय, काका. बांधा. नकाशाबाहेर जाऊ नका."

"कागद, साहेब?"

"कागद कशाला? कायद्यानंच दिलीय परवानगी."

वडील जागचे हलेनात. टोपी हातात धरून म्हणाले, "साहेब, एकदा तोंडानं हो म्हना."

ओव्हरसियर कारकुनाकडे बघून हसला. मग हसू आवरून नीट म्हणाला, "हो."

बाहेर आलो. पडघ्याकडे जाणारी एसटी सुटत होती आणि भट्टीवाला विटा न्यायला त्याच दिवशी ट्रक धाडणार होता. वडिलांनी धोतर वर खोचलं आणि धावत सुटले. माझ्या बापाला धावताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.