तहानताई

आमच्या समुपदेशन केंद्रात त्यांना सगळे तहानताई म्हणतात. अर्थात पाठीमागे. कुठल्याही घरी चौकशीला गेल्या, की आत पाऊल टाकताच यांचा घसा कोरडा पडतो. "जरा पाणी मिळेल का?" घरातली बाई उठली की ताईही उठतात आणि "राहू द्या हो, मी घेते हाताने" म्हणत तिच्या मागोमाग थेट स्वयंपाकघरात शिरतात. कुणी पाठोपाठ निघालंच, तर दारात मी उभी असते. माझा देह तेवढ्या कामाला पुरतो, असं ताईच म्हणतात. बाहेर बसलेल्यांशी मी महागाई, गुडघेदुखी, वाटेल ते बोलत राहते. आत नळ सोडून ताई हळूच विचारतात, आणि बाहेर "सगळं छान आहे" म्हणालेली बाई आत वेगळंच सांगते.

आमचे साहेब स्त्री-पुरुष समानतेवर शिबिरात तासभर बोलतात आणि स्वतःचा डबा घरी धुवायला नेतात. एकदा त्यांनी ताईंना माइकसमोर उभं केलं. ताई म्हणाल्या, "घरी गेलात तर बाहेरच्या खोलीत बसू नका. आत जा." एवढंच बोलून खाली बसल्या. साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता.

हे त्या कुठल्या पुस्तकात शिकल्या नाहीत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका सुनेच्या माहेरून तक्रार आली होती. ताई त्या घरी गेल्या. सासू मधल्या दारात खुर्ची टाकून बसली होती. "आमच्याकडे सगळं ठीक आहे. तिलाच विचारा की!" सून चहा घेऊन आली. तिचा एक हात बाहीच्या आत ओढलेला होता आणि दुसऱ्या हातातल्या बशीवर कप सारखा वाजत होता. ताईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "काही त्रास आहे का?" सुनेने सासूकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. ताईंनी चहा घेतला, छान झालाय म्हणाल्या, आणि परत येऊन तेव्हाच्या साहेबांना सांगितलं, घरी सगळं ठीक आहे.

पंधरवड्याच्या आत ती सून गेली. जिन्यावरून पडली म्हणे. तो जिना माझ्या कमरेएवढाही उंच नव्हता, असं ताई सांगतात.

तेव्हापासून ताई कपबशीतून चहा घेत नाहीत, स्टीलच्या पेल्यातून घेतात. शेजारच्या टेबलावर बशी वाजली तरी बोलता बोलता गप्प होतात. "माझी झोप तिच्याकडे गहाण आहे गं," असं मला एकदाच म्हणाल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात एका बाईचा फोन आला. आवाज दबलेला होता. "या घरात एक बाई रोज रडते. कुणीतरी या." पत्ता सांगून तिने फोन ठेवला. मी पत्ता वाचून दाखवला आणि ताईंनी टेबल धरलं. तेच घर होतं.

"मी एकटी जाते," मी म्हटलं.

"नको. मला यायचंय." वाटेत ठाण्यातून एक पोलीसबाई सोबत घेतली आणि तिला गल्लीच्या तोंडाशी थांबवलं.

दार त्यानेच उघडलं, त्या गेलेल्या सुनेच्या नवऱ्याने. केस पिकले होते, बोलणं साखरेत घोळलेलं होतं. त्याने ताईंना ओळखलं नाही. दुसरी बायको भिंतीला टेकून उभी होती. कोपऱ्यात त्याची आई बसली होती, मधल्या दारातली तीच सासू, पण आता पार वाळलेली.

ताईंची नजर बायकोवरून हलेना. माझीही नाही. तिने चहा आणला. तिचे हात अगदी स्थिर होते. तरी खोलीत बशी वाजायला लागली. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, ताईंना भूतच दिसलं. मग मी कोपऱ्यात पाहिलं. म्हातारीच्या हातात कप होता.

"जरा पाणी मिळेल का?" ताईंनी विचारलं. बायको आत गेली, मागोमाग ताई, आणि मी दारात.

"मी नाही हो, सासूबाई रडतात," बायको कुजबुजली. "फोन मीच केला. हे कामावर जाताना त्यांना मागच्या खोलीत कोंडतात. हात पिरगळतात. मी मध्ये पडले की माझी पाळी."

खरं सांगते, मी मनात म्हटलं, करावं तसं भरावं. चांगली अद्दल घडली म्हातारीला. ताई ओट्याला धरून उभ्या होत्या. त्यांना काय वाटत होतं, ते मला पाठीवरूनही दिसत होतं. मग त्या वळल्या आणि बाहेर आल्या.

"अजून थोडं पाणी हवं होतं. आजी, तुम्ही देता?"

"तिला कशाला उठवता?" मुलगा म्हणाला. "तिला जमत नाही."

"जमेल तेवढं देतील."

म्हातारी उठली. तो उठायच्या आत मी पुन्हा दार अडवलं आणि त्याला त्याच्या गुडघ्यांबद्दल विचारलं.

आत नळ वाहत होता. म्हातारी म्हणाली, "ओळखलं मी तुला. चहा पिऊन गेली होतीस."

"हो. कुठे दुखतंय, आजी?"

म्हातारीने बाही वर केली. मनगट काळंनिळं होतं. "त्या दिवशी आत का नाही आलीस? ती इथेच उभी होती, तुझी वाट बघत. मी दारात बसले होते खरी. पण तू उठली असतीस, तर मी काय तुला धरून ठेवणार होते?"

मला वाटलं, आता ताई कोसळणार. पण त्यांनी दर घरी विचारतात तेच विचारलं. "तुम्हाला काय हवंय? इथे राहायचंय की बाहेर पडायचंय?"

"बाहेर. पण हिला इथे ठेवून नको."

तिने सुनेचा हात धरला. सून रडायला लागली.

"आजींचा हात दवाखान्यात दाखवून आणतो," ताईंनी बाहेर येऊन सांगितलं. "सोबतीला सूनबाई हव्यात." त्याची साखर क्षणात विरघळली. तो दाराकडे धावला. तिथे मी होते, आणि गल्लीच्या तोंडाशी थांबवलेली पोलीसबाई माझी हाक ऐकून पायऱ्या चढत होती. दोघी अंगावरच्या कपड्यांनिशी निघाल्या.

दवाखान्यात हाताला पट्टी झाली. सून जबाब द्यायला पोलीसबाईबरोबर गेली. कुणीतरी चहा आणून दिला, तोही कपबशीत. म्हातारीने उचलला आणि बशी वाजू लागली. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी बशी काढून बाकावर ठेवली आणि कप स्वतः धरून तिच्या तोंडाला लावला.

दोन घोट घेऊन म्हातारी थांबली. "तिचं नाव आठवतं तुला?"

ताईंनी लगेच सांगितलं.

"आमच्या घरात कुणी घेत नाही," म्हातारी म्हणाली. "अजून एकदा घे."

ताईंनी अजून एकदा घेतलं.