बाईच्या गोठ्यातली वीट

आमच्या घरी गाय होती, पण दूध नव्हतं. पहाटे काढलेलं सगळं दूध दिग्रसला जायचं आणि आम्ही काळा चहा प्यायचो. वडील गेले तेव्हा बाईनं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीनं, सातवीतून शाळा सोडून गोठा हाती घेतला आणि मी शिकलो. तांड्यातला पहिला पदवीधर मी. हे मी आजही न लाजता सांगतो. दीड महिन्यापूर्वी बाई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी यवतमाळला शेतकऱ्यांपुढे जनावरांच्या आहारावरच बोलत होतो…

कृषीच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत घरी आलो, तर बाईची चांदी गाय हाडं चघळत होती, भिंत चाटत होती. गाईनं हाड तोंडात धरणं म्हणजे तांड्यात अपशकुन. दोनदा उतारा झाला होता आणि पोळ्याआधी तिला बाजार दाखवायचा, असं काकानं ठरवून टाकलं होतं. मी ओट्यावर बसून परीक्षेचं पाठ करत होतो: कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, खनिजं, जीवनसत्त्वं, पाणी. बाई कडबा तोडता तोडता ऐकत होती.

"भिया, यातलं चांदीले काय कमी पडून राह्यलं?"

हे परीक्षेसाठी आहे, तुझ्या गोठ्यासाठी नाही, असं मी मान वर न करता म्हणालो.

"मंग शिकून राह्यला कायले?"

मी पान उलटलं. उत्तर पुढच्याच पानावर होतं. कडबा, सरकीची ढेप, पाणी, सगळं ती देत होती. कमी होती खनिजं, त्यातही फॉस्फरस. मी तिला ते वाचून दाखवलं. बाई दुसऱ्याच दिवशी एसटीनं दिग्रसला जाऊन खनिज मिश्रणाची पिशवी घेऊन आली. आज टॉनिक पाजतेस, उद्या गाईले चष्मा लावशील, म्हणून काका हसला. ती रोज ढेपीत मूठभर कालवत राहिली. पोळा आला तेव्हा चांदीनं हाडं सोडली होती. काका चुकलो म्हणाला नाही. आपल्या बैलासाठी वाटी घेऊन तेवढा दारात आला. पुढं बाईनं गोठ्यात खनिजांची चाटण वीट टांगली आणि बायका विचारायला येऊ लागल्या.

आता जे लिहितो ते लिहिणं भाग आहे. बाईच्या पदराच्या गाठीत चुलीच्या मातीचे खडे असायचे. येता-जाता ती एखादा तोंडात टाकायची. आम्ही चिडवायचो, मीसुद्धा. चूल तरी शिल्लक ठेव म्हणायचो. ती सगळ्यांच्या मागून जेवायची, भाकर आणि मिरचीचा ठेचा, आणि त्या ताटात काय कमी आहे हे मी कधी वाकून पाहिलं नाही. ती गेल्यावर दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, अंगात रक्तच उरलं नव्हतं, हृदय किती दिवस ओढणार… मग त्यांनी विचारलं, "या माती खायच्या का?"

गाय भिंत चाटते तेव्हा काय समजायचं, हे मी शेकडो लोकांना शिकवलं आहे.

तेराव्याला सगळ्यांनी बाईला अन्नपूर्णा म्हटलं. मी उठून गोठ्यात गेलो. तिच्या लुगड्याच्या काठानं बांधलेली वीट तिथंच होती, चाटून चाटून मधे खोलगट झालेली. चांदीची नात ती चाटत होती. तांड्यातल्या प्रत्येक गोठ्यात आज अशी वीट आहे. आता आमच्या तांड्यात एकही गाय हाड चघळत नाही.