माझी मी

जर्मनीत नर्सना नोकऱ्या मिळतात म्हणून मी मुकुंदवाडीतल्या जर्मनच्या क्लासला जाऊ लागले. माझ्याच वॉर्डातली एक नर्स मैत्रीण सोबत यायची. तिच्या घरी दखनी, माझ्याशी बहुतेक मराठी.

एका संध्याकाळी सरांनी सांगितलं, की खाली बसायचं असेल तर जर्मन माणूस 'मी मला बसवतो' म्हणतो. अंघोळ करायची तर 'मी मला धुतो'. 'इश वाशे मिश.'

"हमारे में तो आदमी अपने आप बैठता, उसको कौन बिठाता?" मैत्रीण कुजबुजली. मला हसू आलं.

घरी आईची उजवी बाजू पक्षाघातानं गेलेली. वडील नव्हते. ड्यूटीवर जायच्या आधी मी तिला मोरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून अंघोळ घालायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालता घालता धडा घोकत होते.

"काय बडबडतीस?" आईनं विचारलं.

"मी मला धुते, असं जर्मनमध्ये म्हणते."

"धुणार तिथल्या म्हाताऱ्यांना, आन् म्हणायचं मी मला?"

मी तिची पाठ पुसली. तशी ती म्हणाली, "जा तू. माझं मी बघीन."

"कसं बघशील?"

"बघीन म्हणलं ना."

परीक्षेच्या दिवशी शेजारच्या काकू आईजवळ बसणार होत्या. आईनं त्यांना "माझं समदं झालंय" म्हणून परत पाठवलं आणि एकटीच भिंत धरून मोरीकडं निघाली. मी घरी पोचले तेव्हा ती उंबऱ्याशी पडलेली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कशा पडलात? कुणी धरलं नव्हतं?"

"कुणाचं काय नाय," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "माझी मी पडले."

त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. पाठीला जखमा झाल्या, मग छाती भरली. दिवाळीच्या आधी गेली. परीक्षेत मी पास झाले होते. तिला सांगितलं तेव्हा तिनं फक्त मान हलवली.

मैत्रीण थंडीत जर्मनीला गेली. रविवारी तिचा फोन येतो. तिथं चार वाजताच अंधार पडतो, म्हणते. "तू कधी येतेस? आता तुला कोण अडवतंय?"

"बघू," म्हणते मी. फोन ठेवल्यावर स्वयंपाकाला लागते. एकटीसाठी भात किती लावायचा याचा अंदाज अजून येत नाही. रोज उरतो.