शकुबाईच्या नावाचा गुंड

दिघोरीच्या शकुबाईने एकदा मनात घेतलं की तिच्यापुढे कोणाची मात्रा चालत नसे. आणि तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर मधुकरराव, यांच्यापुढे साऱ्या गावाची मात्रा चालत नसे. अशी दोन माणसं एका घरात अठरा वर्षं न भांडता राहिली, याचं श्रेय एका रिवाजाला द्यायला हवं. भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीतली बाई भासऱ्याशी बोलत नाही. तो ओसरीवर आला की पदर सावरते, त्याचं नाव चुकूनही तोंडातून काढत नाही, आणि जे सांगायचं ते जावेला सांगते. निर्मलाबाई ही जाऊ बिचारी इकडचे निरोप तिकडे करून थकून जाई.

शकुबाईचा नवरा तुलाराम गेला तेव्हा मुलगी रांगत होती. मग शकुबाई घरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात राबली आणि रोवणीच्या दिवसांत लोकांच्याही बांधीत चिखलात उभी राहिली. त्या मजुरीवर तिने चंद्रकांताला वाढवलं. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात चंद्रकांताचं लग्न ठरलं. मुलगा वरठीचा, कारखान्यात कामाला होता, सायकलवर जायचा-यायचा, सरळ माणूस होता.

लग्न म्हटलं की आंदणात पाण्याचा पितळी गुंड आलाच. गुंडाच्या गळ्याखाली देणाऱ्याचं नाव छिन्नीने टिंबाटिंबांनी ठोकलेलं असतं. मांडवात एकेक भांडं उचलून ते नाव मोठ्याने वाचतात. मग पोरगी सासरी पहिल्या सकाळी त्याच गुंडाने विहिरीचं पाणी आणते, आणि विहिरीवरच्या बाया नव्या सुनेच्या तोंडाआधी गुंडावरचं नाव बघतात.

मधुकररावांनी ओसरीवरून जाहीर केलं, "गुंड मी आणतो भंडाऱ्यावरून. पैसे तिनं जमवले हायेत म्हणते, तं देऊन देईल. नाव आपल्या घराचं टाकू."

आपल्या घराचं म्हणजे मधुकररावांचं. घरातल्या परातीपासून पळीपर्यंत एकाच माणसाचं नाव होतं. जगात दुसरं नाव असतं हे त्या भांड्यांना माहीतच नव्हतं.

शकुबाई आतून जावेला म्हणाली, पण ओसरीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "जिजी, त्यायले सांगा, गुंड मीच आणीन. अन् त्याच्यावर नाव माहं राहीन."

"गुंडावर बाईचं नाव कुठी असते का?" निर्मलाबाई घाबरून पुटपुटली.

"नसन तं आता होईल. पोरगी मी वाढवली, गुंड मी घेऊन राहिली, तं नाव दुसऱ्याचं काहून?"

मधुकरराव हसले. "जाऊ द्या तिले. साकोलीच्या पुढं गेली नाही कधी. अर्ध्यातून वापस येते."

हे बोलले नसते तर कदाचित शकुबाईचे पाय अडखळले असते. आता प्रश्नच मिटला. दुसऱ्या दिवशी पहाटेच ती एस.टी.त बसली, साकोलीला गाडी बदलली, आणि दुपारच्या आत वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरली. ती मनातून धास्तावलेली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. एवढी माणसं तिने जत्रेतच बघितली होती, आणि जत्रेतली माणसं निदान एका दिशेने चालतात. सोबत बसलेल्या बाईने तिला सांगून ठेवलं होतं की जुना किल्ला बघ, त्याच्या आत आता जेल आहे. मधोमध खांब असलेला खांब तलाव बघ. शकुबाईने मान डोलावली आणि मनाशी म्हणाली, आधी गुंड.

भांड्यांची गल्ली शोधायला कोणाला विचारावं लागलं नाही. पितळेवर पडणाऱ्या ठोक्यांच्या आवाजामागे ती चालत गेली. पहिल्याच दुकानात यादोराव कसार बसला होता. बोलका आणि हसरा माणूस होता. आपल्याला सगळं कळतं, अशी त्याची पक्की समजूत होती. शकुबाईने गुंड निवडला, वाजवून बघितला, पैसे मोजून दिले.

"नाव टाकाचं हाय," ती म्हणाली. "शकुबाई. दिघोरी."

"दिघोरीचं कोणतं घर?"

भासऱ्याचं नाव कसं घेणार? "तलावाच्या पाळीखालचं. कवेलूच्या छपराचं मोठं घर."

"मंजे मधुकररावाचं! आपलं जुनं गिऱ्हाईक हाय ते. दुपारून या बाई, तयार राहीन."

शकुबाई किल्ल्याच्या भिंतीच्या सावलीत जाऊन बसली. फडक्यातला भात लोणच्याशी खाल्ला. जो किल्ला बघायला लोक येतात त्याच्याकडे तिने पाठ केली होती, कारण तोंड गल्लीच्या बाजूला ठेवायचं होतं.

उन्हं कलल्यावर ती दुकानात आली. यादोरावाने गुंड पुढे सरकवला. लखलखता, गळ्याखाली ताजी टिंबं. शकुबाईला अक्षरओळख नव्हती. तिने नुसतं टिंबांवरून बोट फिरवलं, आणि बोट मध्येच थांबलं. तिने पुन्हा फिरवलं.

हे नाव तिला माहीत होतं. अठरा वर्षं रोज राखेने घासलेलं होतं. कुठे टिंबं दाटीने येतात, कुठे वरची रेघ तुटते, कुठे राख अडकून बसते आणि नखाने काढावी लागते, सगळं बोटांना पाठ होतं.

"हे नाव माहं नाही," ती म्हणाली.

यादोराव हसला. "बाई, तुमाले वाचता येते का?"

"नाही येत. पण हे नाव मधुकररावाचं हाय!"

बोलून गेली आणि तिचाच हात तोंडावर गेला. भासऱ्याचं नाव तिने आयुष्यात पहिल्यांदा घेतलं होतं, तेही भर बाजारात, मोठ्याने. आभाळ कोसळलं नाही. बाजूच्या दुकानातला ठोका एक क्षण थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तिने हात खाली घेतला.

यादोरावाने लबाडी केली नव्हती. बाई नाव सांगते आणि घरच्या कर्त्या माणसाचं नाव ठोकायचं असतं, हे तो बापापासून शिकला होता. तो समजावू लागला, "ठोकलेलं टिंब मिटत नाही, बाई. मिटवाले गेलो तं पत्रा पातळ होते, गुंड गळते. तुमच्याच घरचं तं नाव हाय, घेऊन जा ना."

"ज्याचं नाव हाय त्याले द्या. पैसेई त्यालेच मागा. मले माहा गुंड पाहिजे."

आणि ती दुकानाच्या ओट्यावर बसली. ओरडली नाही, रडली नाही. गिऱ्हाईक आलं की सरकून वाट देई आणि पुन्हा तिथेच बसे. "काय झालं?" असं कोणी विचारलं की पहिल्यापासून सगळं सांगे. तिसऱ्या गिऱ्हाइकानंतर यादोरावाला घाम फुटला. शेवटची एस.टी. गेली तरी ती हलली नाही. तेवढ्यात त्याची म्हातारी आई, मनकर्णाबाई, आतून चहा घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"याद्या," ती म्हणाली, "या दुकानातली भांडी मी जल्मभर चिंचेनं घासून चमकवली. एकावर तरी माहं नाव हाय का रे?"

यादोरावाने मांडीवर दुसरा गुंड घेतला.

"आधी फरशीवर काढून दाखवा," शकुबाई म्हणाली. आता ती कोणावर विश्वास ठेवणार नव्हती. त्याने खडूने टिंबं काढली. तिने मुक्कामाला थांबून, मनकर्णाबाईच्या अंगणात बसून, ती टिंबं काडीने मातीत पुन्हा पुन्हा काढून बघितली. सकाळी यादोरावाने छिन्नी चालवली तेव्हा ती समोर बसून प्रत्येक ठोका मोजूनमापून घेत होती. त्याचा हात आयुष्यात एवढा जपून चालला नसेल.

मग ती खांब तलाव बघायला गेली. बघायला म्हणजे काय, गुंड भरून गळतो का ते बघायला. गळला नाही. भरला गुंड कमरेवर घेऊन ती पायऱ्यांवर उभी राहिली, मधल्या खांबाकडे बघितलं, आणि तिला फार आनंद झाला. पाणी ओतून ती स्टँडवर गेली.

पहिला गुंड यादोरावाने दुकानाच्या दर्शनी भागात टांगला, नाव बाहेरच्या बाजूला. भंडाऱ्याला जाणारा दिघोरीचा प्रत्येक माणूस गावात येऊन सांगे, "मधुकरराव, तुमचा गुंड तिथं लटकून राहिला." आठवडाभरात मधुकरराव मुकाट्याने जाऊन तो विकत घेऊन आले.

मांडवात आंदण वाचायला तेच उभे राहिले. स्वतःचा गुंड त्यांनी खणखणीत वाचला. दुसरा उचलला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "अक्षर काही लागत नाही," ते म्हणाले.

बायकांच्या घोळक्यातून शकुबाईचा आवाज आला, "भाऊजी, लागत नसन तं मी सांगू का?"

निर्मलाबाईच्या हातातलं ताट पडता पडता राहिलं. मधुकररावांनी गुंड डोळ्यांजवळ नेला आणि हळू आवाजात वाचलं, "शकुबाई, दिघोरी." मागून कोणीतरी ओरडलं, "ऐकू नाही आलं!" तेव्हा त्यांना पुन्हा वाचावं लागलं, मोठ्याने.

चंद्रकांताने वरठीच्या विहिरीवर पहिल्या सकाळी कोणता गुंड नेला, हे सांगायची गरज नाही. काकांच्या गुंडात ती तांदूळ ठेवी.

पुढे दहा-अकरा वर्षांनी घराच्या वाटण्या झाल्या. तुलारामच्या हिश्श्याची जमीन शकुबाईच्या नावे करायला दोघं, ती आणि भासरे, भंडाऱ्याच्या कचेरीत आली. मधुकररावांची कंबर वाकली होती. कारकुनाने तिच्यापुढे सवयीने शाईचा पॅड सरकवला.

"पेन द्या," शकुबाई म्हणाली.

तिने पेन छिन्नीसारखं उभं धरलं आणि कागदावर टिंब ठेवलं. मग त्याच्या बाजूला दुसरं, त्याच्याखाली तिसरं. एकेक टिंब दाबून. रेघ कुठेच नाही. रांगेतले लोक चुळबुळ करू लागले. कारकून वैतागला, "बाई, हे टिपके काय काढता? सही येत नसेल तर अंगठा द्या, माझा वेळ घालवू नका."

शकुबाईने मान वर केली नाही. तिची अजून दोन अक्षरं राहिली होती. बोलले ते मधुकरराव. काठीवर भार देत ते टेबलाजवळ आले.

"काढू द्या तिले," ते म्हणाले. "ते नाव मले वाचता येते."