आंदणात दिलेला फ्रिज

माझी धाकटी बहीण राजश्री वडगाव रासाईला दिली. हिनं मला फसवलं. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी कॉलर धरली असती, पर हिची कशी धरू?

वडील गेले तवा ती दुसरीत व्हती. मी नववीतनं शाळा सोडली, पाटसच्या कारखान्यावर लागलो आन् तिला बारावी केली. लगीन तर असं केलं की पाटसमधी आजबी लोक नाव काढत्यात. मांडवात दोन दाराचा फ्रिज उभा केला, वर झेंडूचा हार. वडगावात तवा तसला फ्रिज कुणाच्याच घरात नव्हता. मी माईक घेतला आन् सगळ्यांदेखत सांगितलं, "ह्या फ्रिजला कवाबी काय झालं तर खर्च माझा. पाव्हण्यांनी खिशात हात घालायचा न्हाई." टाळ्या पडल्या.

शब्द पाळलाबी. थर्मोस्टॅट गेला, मी दिला. स्टॅबिलायझर जळाला, मी सोता नवा नेऊन बसवला. मग तक्रारच बंद झाली. वर्षं गेली, फोन न्हाई. मला वाटलं, आपली वस्तूच तशी हाय, एक नंबर.

परवा मिक्सर दुरुस्तीला टाकायला चौफुल्यावर खंडू मेस्त्रीकडं गेलो. सहज त्या फ्रिजचं कौतुक केलं, तर गडी हसायलाच लागला.

"मामा, कुठल्या जगात हाय तुम्ही? दोनदा गॅस भरला, दाराचं रबर बदाललं, ह्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर टाकला. तेवढ्या पैशात बारका नवा आला असता. मी म्हणलं, ताई, भंगारात घाला. वर मलाच दम, दादाला कळता कामा न्हाई!"

मिक्सर तिथंच सोडला आन् गाडी वडगावला घातली.

राजश्री वट्यावर शेवंती निवडत व्हती. "आगं बाई, दादा! फोन न्हाई, काय न्हाई?"

मी सरळ आत गेलो आन् फ्रिज उघडला. दूध न्हाई, भाजी न्हाई. वरपासनं खालपातूर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं हार आन् गजरं.

"हे काय?"

"देवीच्या देवळापुढं इकते. ह्यात ठिवलं की सकाळी ताजं ऱ्हातं. बस, चहा टाकते."

"कॉम्प्रेसरचं पैसं कुणी दिलं?"

"खंडूच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. मी दिलं. हाराच्या पैशातनं."

"मी मेलो व्हतो का?"

तिचा नवरा इंद्रजीत वैरण टाकून आत आला. मी म्हणलं, "पाव्हणं, तुम्हाला ठावं व्हतं?"

"दादा, हिच्यापुढं आमचं काय चालतंय? तुमच्याच घरची हाय."

मी खिशातनं नोटा काढून फ्रिजवर ठिवल्या. "घे. मांडवात शब्द दिलाय मी."

तिनं त्या उचलल्या आन् माझ्याच खिशात कोंबल्या.

"थर्मोस्टॅटचं तू जत्रंत सांगितलंस. स्टॅबिलायझरचं सासूबाईच्या दहाव्याला. बाया अजून म्हणत्यात, राजश्री, भावाच्या फ्रिजमधलं पाणी पाज की. मग ठरिवलं, आपुन करायचं. आता त्यो माझा हाय. दादा, तू साडी दे, दिवाळीला ये, भांड माझ्याशी. पर ह्याचं पैसं घेणार न्हाई."

मी खोटं काय बोललो व्हतो? दिलं व्हतं म्हणून सांगितलं. लोकं सांगत्यात, न देतासुद्धा. ह्या पोरीसाठी शाळा सोडली, आन् ती एवढी वर्षं माझ्यामागं मेस्त्री बोलवत ऱ्हायली, दिवाळीला मला ओवाळत ऱ्हायली, आन् तोंडातनं चकार शब्द न्हाई. मी तसाच फ्रिजपुढं उभा.

तेवढ्यात दारात एक बाई आली. "राजश्री, दोन गजरं दे गं, यष्टी येईल."

"आले, आले," म्हणत राजश्री लगबगीनं फ्रिजकडं आली. माझ्या दंडाला हात लावला आन् म्हणाली, "दादा, जरा बाजूला व्हय."

मी झालो.