अकोल्याचा माल आधी चढतो

मागच्या गुरुवारी वाडीच्या आमच्या शाळेत, नववी ब मध्ये, माझी चांगलीच जिरली... आणि तेव्हापासून मी नुसती थक्क होऊन फिरते आहे.

झालं असं, की आमच्या भागातल्या काही शाळांच्या इंग्लिश शिक्षकांनी मिळून नववीसाठी पूरक वाचनाची एक पुस्तिका करायची ठरवली. पाठ्यपुस्तकातले धडे मुलांना फार लांबचे वाटतात, त्यांच्या ओळखीचं काहीतरी इंग्लिशमधून वाचायला द्यावं, हा हट्ट माझाच. म्हणून एक धडा मीच लिहिला.

शाळेच्या आजूबाजूला सगळी ट्रान्सपोर्टची गोदामं. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील तिथेच कामाला. तेव्हा माझ्या धड्यातल्या राजूचे वडीलही गोदामात हमाल... येईल ते खोकं उचलतात, ट्रकमध्ये टाकतात, थकतात, उदास होतात. मग राजू खूप शिकायचं ठरवतो वगैरे वगैरे.

लिहून झाल्यावर माझेच डोळे पाणावले होते, काय सांगू! सक्करदऱ्याच्या माझ्या घरून वाडीला इतकी वर्षं येते-जाते, पण एकाही गोदामात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

शनिवारी पुस्तिका छापायला जाणार होती. त्याआधी एकदा वर्गात वाचून बघू म्हणून गुरुवारी झेरॉक्स वाटल्या. धड्याखाली प्रश्न होता, राजूचे वडील दुःखी का आहेत? सगळ्यांनी धड्यातलं वाक्य जसंच्या तसं उचलून वहीत उतरवलं. मी खूश.

एकट्या प्रांजलीची वही कोरी. ही वर्षभरात इंग्लिशच्या तासाला 'प्रेझेंट मॅडम'च्या पलीकडे एक शब्द न बोललेली मुलगी. मला वाटलं, हिला कळलंच नाही. मी नेहमीप्रमाणे एकेका वाक्याचा मराठीत अर्थ सांगायला लागले...

"मॅडम, उत्तर येते मले," ती म्हणाली. "पण ते खोटं आहे नं. माहे बाबा गोदामातच आहेत. तुमच्या धड्यासारखा माल भरला तं अमरावतीले अख्खा ट्रक खाली करा लागीन."

वर्ग खो खो हसला. ती मात्र हसली नाही. "अन् हे सगळ्या शाळेतले पोरं वाचतीन... माहे बाबा बिचारे नाही आहेत, मॅडम."

मला ते लागलं. खरं सांगायचं तर रागही आला. "असं? मग इंग्लिशमधून सांग बघू," म्हटलं. ती गप्प बसेल याची मला खात्री होती. शिक्षिकेला न शोभणारं वागणं, मान्य आहे...

ती सरळ टेबलापाशी आली. पहिल्या बाकांवरचे दोन-तीन डबे, चार कंपासपेट्या आणि माझं डस्टर गोळा केलं. टेबल म्हणजे ट्रक. माझ्या खुर्चीची बाजू म्हणजे ड्रायव्हरची केबिन.

"धिस अकोला. अकोला लास्ट. सो अकोला गो फर्स्ट." एक डबा पार आत, केबिनला टेकवून. त्याच्यापुढे मूर्तिजापूरचा. आणि अगदी दाराशी अमरावतीचा, कारण ट्रक आधी तिथे थांबणार. काचेचा माल वर, पण दाराजवळ नाही. "नो पेपर," ती म्हणाली आणि कपाळाला बोट लावलं, "माय फादर... ऑल रोड हिअर."

ज्या माणसाला मी 'येईल ते खोकं' उचलायला लावलं होतं, तो अख्खा रस्ता उलटा डोक्यात धरून ट्रक भरत होता. आणि त्याची मुलगी ते इंग्लिशमधून मला समजावून सांगत होती!

मग अख्खा वर्गच बोलायला लागला. ट्रक भरून झाल्यावर मूर्तिजापूरचा माल आला तर? पाऊस आला तर? मोडकंतोडकं इंग्लिश, पण प्रत्येक प्रश्न खरा. तिला एखादा शब्द अडला की चार जण पुरवत होते. मी एकाही वाक्याचा अर्थ सांगितला नाही. घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही.

संध्याकाळी पुस्तिकेचं काम बघणाऱ्या सरांना फोन करून सांगितलं, माझा धडा काढा. ते वैतागले. "काहून जी मॅडम बदलता आता? चांगला तं आहे!" चांगला नाही, खोटा आहे, म्हटलं. शुक्रवारी दोन तास घेऊन प्रांजलीने आणि वर्गाने मिळून नवा धडा लिहिला. मी फक्त विचारल्यावर शब्द दिले. खालचे प्रश्नही त्यांचेच... अकोल्याचं खोकं दाराशी ठेवलं तर काय होईल?

काल पालकसभेला तिचे वडील आले होते. छापून आलेलं पान तिने त्यांना वाचून दाखवलं. ते गावांची नावं आणि त्यांचा क्रम ओळखत, मान डोलवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "अजून एकदा वाच वं."

दुसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बराबर आहे, मॅडम."

एवढी वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांवर मीच बरोबरच्या खुणा करत आले... काल पहिल्यांदा कुणीतरी 'बरोबर' म्हणेपर्यंत मी श्वास रोखून उभी होते. त्या माणसाला इंग्लिशचं एक अक्षर वाचता येत नाही. पण तो धडा तपासायचा अधिकार आमच्यापैकी फक्त त्यालाच होता.